बिनकडीचं घर

मी भित्री बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला धीराची म्हणायला नको. पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत पोरांवर डाफरले, त्यामुळे गल्लीत माझा दरारा आहे. पण तो आवाजाचा. आत सगळा आनंदीआनंद आहे.

माझी भीती कुठून आली ते मला नक्की माहीत आहे. वडील कोयनानगरला धरणाच्या कामावर वायरमन होते आणि आम्ही कामगारांच्या चाळीत राहायचो. मी पाच वर्षांची असताना तो मोठा भूकंप झाला. जमीन हललेली मला आठवत नाही. आठवतं ते पहाटेच्या अंधारात दाराशी झटणारे वडील. चौकट पिळवटली होती आणि कडी कोयंड्यात अडकून बसली होती. वडील वरवंट्यानं कडीवर घाव घालत होते, आई मला पोटाशी धरून ओरडत होती आणि वरून माती पडत होती. आमची कडी तुटली. शेजारच्यांची तुटली नाही. त्या घरात माझ्याच वयाची मुलगी होती, आणि तिचे सागरगोटे कितीतरी दिवस माझ्याकडेच राहिले होते.

त्यानंतर वडिलांनी जन्मात दाराला कडी लावली नाही. पुढे नवी खोली मिळाली तेव्हा सामान लावायच्या आधी त्यांनी पक्कड घेऊन सगळ्या कड्या उपटल्या. रात्री दाराला फक्त सुतळीचा फास घालायचा, एका ओढीत सुटणारा. आणि फळीवर दोन स्टीलचे पेले एकावर एक उपडे ठेवायचे, जमीन जरा हलली की किणकिणायला. “चोर आला तर चार भांडी नेईल,” वडील म्हणायचे. “कडी सगळ्यांना घेऊन जाते.”

लग्न होऊन मी कराडच्या कडेला आले ती ही सुतळी आणि पेले घेऊनच. नवरा एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होता, स्वभावानं थट्टेखोर. “बायकोनं माहेराहून चोराला आवतण आणलंय,” असं येईल त्याला सांगायचा. पण प्लॉट घेऊन घर बांधलं तेव्हा सुताराला त्यानंच सांगितलं की दारांना कड्या नकोत. स्लॅब नको म्हटलं, तर पत्रा घातला. पुढे गल्लीत सगळ्यांनी वर मजले चढवले, तेव्हा त्यालाही चेव आला आणि आमच्याही घराच्या मागच्या बाजूचा पत्रा काढून तेवढ्यापुरता स्लॅब पडला नि वर एक खोली उभी राहिली. विटांची, वर पत्रा. परवानगीबिरवानगी कुणी घेतली नव्हती. गल्लीत घेतलीय कुणी? नवरा गेल्यावर ती खोली मी भाड्यानं दिली, म्हटलं, वर माणसाची चाहूल तरी राहील.

गेली चार वर्षं तिथं एक बाई आणि तिची मुलगी राहत होती. बाई जत तालुक्यातली, मेंढपाळाच्या घरची, इथं एका दवाखान्यात आयाचं काम करणारी. तिचा नवरा मेंढरं घेऊन घाटाखाली निघाला होता, वाटेत ट्रकनं उडवला. मुलगी बारावी सायन्सला, नर्स व्हायचं म्हणून दिवसरात्र पुस्तकात. मला आक्का म्हणायची ती बाई, आणि मीही तिला बहिणीसारखंच वागवायची, म्हणजे रोज एकदा तरी खेकसायची.

तिचं एक वेड होतं. राहायला आली त्याच दिवशी तिनं वरच्या दाराला स्वतःच्या पैशानं दोन कड्या बसवून घेतल्या, एक वर, एक खाली. महिन्यातून एकदा त्यांना गोडेतेल लावायची. रोज रात्री खाट्-खाट् असे दोन आवाज यायचे आणि खाली माझ्या छातीत धस्स व्हायचं. एकदा मी म्हटलं, “अगं, काय सोन्याच्या विटा ठेवल्यात का वर?”

“आवं आक्का, माळावर वाढले मी,” ती म्हणाली. “जिथं मेंढरं बसली तिथं आमी. दार कसलं आसतं ते लगीन हुईस्तवर ठावं न्हवतं. रातच्याला कोण कवा येऊन उभं ऱ्हाईल सांगता यायचं न्हाई. आई कुराड उशाला घिऊन जागी बसायची. आता कडी लावली की मला गप झोप लागती बघा.”

जिला कडीनं झोप येते ती वर, आणि जिची कडीनं झोप उडते ती खाली. चार वर्षं असं बरं चाललं होतं.

मग पालिकेनं नवा विकास आराखडा जाहीर केला. सभागृहात भिंतभर नकाशा लावला आणि लोकांकडून हरकती मागवल्या. आमच्या गल्लीच्या टोकाला उसाचा मळा होता तो आणि आमची गल्ली, दोन्ही नकाशात गडद रंगात होते. म्हणजे इथं दाट वस्ती होऊ द्यायची, अकरा मजल्यांपर्यंत. गल्लीत ही बातमी आली आणि सगळ्यांचं पित्त खवळलं.

आमच्या गल्लीचे पुढारी म्हणजे रिटायर सुभेदार. मिशा अजून ड्यूटीवर. त्यांनी आपल्या अंगणात मीटिंग लावली आणि एकेकानं बोलायला सुरुवात केली. पाणी पुरायचं नाही, गाड्या कुठं लावायच्या, ड्रेनेज तुंबेल. चौथ्या माणसानं खरं ते सांगितलं, “आणि माणसं कुठली कुठली येतील कुणाला माहीत!” त्यावर सगळ्यांनी मान डोलावली. ज्यांच्या वरच्या मजल्यावर चार-चार भाडेकरू होते, त्यांनी तर जास्तच.

मला भीती पाण्याची नव्हती, गाड्यांची नव्हती, येणाऱ्या माणसांची तर मुळीच नव्हती. मला फक्त अकरा हा आकडा दिसत होता. माझ्या पत्र्याच्या शेजारी अकरा मजले. ते हलले तर कुठल्या बाजूला येतील, याचा मी हिशेब करत होते आणि प्रत्येक वेळी ते माझ्याच बाजूला येत होते.

सुभेदारांनी ते ओळखलं. “बाई, तुमी कोयनेच्या ना वो? भूकंपातल्या?”

“हो.”

“मग सुनावणीला तुमीच बोलायचं. आमी पार्किंग-पार्किंग वरडलो तर सायेब हसत्याल. तुमचं आयकून गप हुत्याल.”

मला नाही म्हणता आलं असतं. पण एकतर मला खरंच भीती वाटत होती आणि दुसरं, गल्लीलाही मी भितेच की. एकट्या बाईनं गल्लीशी वाकडं घेऊन राहायचं कसं? सुभेदारांच्या मुलानं कॉम्प्युटरवर हरकतीचा एक नमुना छापला, सगळ्यांसाठी एकच. घरोघर कागद फिरला. ‘प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा,’ असं ज्या बाईनं पस्तीस वर्षं पोरांच्या डोक्यात हाणलं, तिनं तो कागद न वाचता सही केली.

त्याच संध्याकाळी वरची बाई खाली आली ती हसतच. मुलगी तिला सभागृहात घेऊन गेली होती आणि नकाशा दाखवून सगळं समजावून सांगत होती. त्या उंच इमारतींत काही घरं लहान ठेवायची होती, एका खोलीची, बेताच्या कमाईच्या माणसांसाठी.

“आक्का, बँकेतल्या सायबानं सांगितलं, दवाखान्याचा पगार हाय तर कर्ज हुतंय,” ती म्हणाली. “मळ्याच्या जागेवर झालं तर पोरीचं कॉलेजबी जवळ. सात भाड्याच्या खोल्या झाल्या आता माझ्या. कुटं मालकाचा ल्योक कवाबी दार वाजवतोय, तर कुटं पोरगी मोठी झाली म्हणून खोली सोडा म्हणत्यात. आता तिसरा मजला मिळू दे, न्हाईतर धावा. दार माझं, कडी माझी. लय झालं.”

मी चहा गाळत होते. माझी सही वाळून दोन तास झाले होते. “बघू या, होईल तेव्हा होईल,” असं काहीतरी पुटपुटले आणि तिच्यापुढे कप सरकवला. तिला सांगायची छाती झाली नाही.

सुनावणीचा दिवस आला. टेबलापलीकडे तीन अधिकारी, अलीकडे आमची गल्ली. नाव पुकारलं तशी उभी राहिले आणि ठरवलेलं सगळं विसरले. मग जे आठवलं ते सांगितलं. वाकडी चौकट, वरवंटा, शेजारची मुलगी, सागरगोटे. शेवटी म्हटलं, “साहेब, मला कायदा कळत नाही. मला भीती वाटते. इथं उंच बांधू नका.” आणि मी खाली बसले. मागून कुणीतरी नाक ओढलं. सुभेदारांनी माझ्याकडे बघून मान हलवली, जणू मी चौकी जिंकून दिली होती.

मधल्या अधिकाऱ्यांनी चष्मा लावून हरकतीचा कागद हातात घेतला. माणूस सौम्य होता. “तुमच्या सगळ्यांच्या हरकतीत लिहिलंय,” ते म्हणाले, “की इथली जमीन काळी, खोलवर भुसभुशीत आहे, आणि तिच्यावर तळमजल्यावर मजला चढवणं जिवाला धोक्याचं आहे. बरोबर?”

“बरोबर!” गल्ली एका सुरात म्हणाली.

“मग तुमच्या गल्लीत आत्ता जे मजले चढलेत, त्यांचं काय? त्यातल्या कितींना परवानगी आहे?”

सुभेदारांना खोकला आला. बाकी कुणाला काहीच आलं नाही. आम्ही आपल्याच हातानं, एकशे बारा सह्यांनिशी, आपल्याच डोक्यावरचं छप्पर धोक्याचं आहे असं लिहून दिलं होतं.

पंधरा दिवसांत घरोघर नोटिसा आल्या. वाढीव बांधकामाची कागदपत्रं दाखवा, जागेची तपासणी होईल. मी ती नोटीस तीन वेळा वाचली, या वेळी मात्र नीट. सरकारी कागद, त्यावर नवऱ्याचं नाव, आणि नवरा भिंतीवर फोटोत. सुभेदारांकडे धावले तर त्यांच्या जिन्यावरून कॉलेजची पोरं गाद्या उतरवत होती.

“घाबरू नका, बाई. वर कोण ऱ्हात न्हाई, नुसती आडगळीची खोली, आसं दाखवायचं. तपासणी झाली की पुन्ना भाडेकरू ठिवायचं. तुमीबी मोकळं करा.”

“आणि त्यांनी तोवर जायचं कुठं?”

“त्यांचं ते बघत्याल की.”

गल्लीतल्या सगळ्या जिन्यांवरून आठवडाभर बादल्या, कुलर, पुस्तकांची खोकी उतरत होती. कुणी शिव्या देत होतं, कुणी मुकाट्यानं टेम्पो भरत होतं. मला दंडाची भीती, पाडापाडीची भीती, वरच्या बाईला तोंड दाखवायची भीती. शेवटी वर गेले. नोटीस तिच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. सहीचं, सुनावणीचं, सगळं. तिनं कागदाची घडी घालून तो माझ्या हातात परत दिला. मुलगी पुस्तकातून मान वर न काढता ऐकत होती.

“आक्का, मला इचारायचं तरी,” ती म्हणाली. तिनं आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

“तुम्ही दोघी खाली राहायला या,” मी म्हटलं. “परीक्षा होईपर्यंत तरी. भाडं नको.”

ती माझ्या मागोमाग खाली आली. खोली बघितली, मोरी बघितली आणि मग दारापाशी जाऊन उभी राहिली. तिनं दाराच्या फळीवरून हात फिरवला, वर, खाली. माझी सुतळी खिळ्याला लोंबत होती.

“कडी कुटं हाय?”

“नाही.”

“मागल्या दाराला?”

“तिथंही नाही.”

तिनं वळून माझ्याकडं बघितलं. “जाणती पोरगी हाय, आक्का. दोऱ्यावर भरवसा ठिवून मी कशी झोपू? माझा जीव ऱ्हायचा न्हाई.”

“आणि कडी लावून माझा राहायचा नाही,” मी म्हटलं.

आम्ही दोघी साठी-चाळिशीच्या बाया दाराच्या दोन बाजूंना उभ्या राहून एकमेकींकडे बघत होतो. हसू येण्यासारखीच गोष्ट होती, पण आलं नाही. ती वर निघून गेली. पुढचे तीन दिवस ती दवाखान्यातून सुटली की खोली शोधत फिरत होती. पण सगळा गाव भाडेकरू बाहेर काढत होता, आत घेणार कोण? तिसऱ्या दिवशी जिन्यावर बसून ती पाय चोळत होती आणि मुलगी रस्त्याच्या दिव्याखाली वही धरून काहीतरी पाठ करत होती. वरच्या खोलीची वीज मी आदल्या दिवशीच तोडून घेतली होती. तपासणीत मीटर दिसायला नको म्हणून. किती नीच असावं माणसानं!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुताराला बोलावून आणलं. माझं बिनकडीचं कोरं दार बघून तो म्हणाला, “काय बाई, आता म्हातारपणी चोराचं भ्या वाटाय लागलं व्हय?” त्याला काय सांगणार? त्यानं गिरमिटानं पहिलं भोक पाडलं तेव्हा मी मागे जाऊन मोरीत तोंडावर पाणी मारून घेतलं. परत आले तर जाड पितळी कडी दारावर चकाकत होती, मी सांगितली तशी खाली, पडल्या जागेवरून हात पोचेल अशी; मागच्या दारालाही एक छोटी होती.

त्या रात्री त्या दोघी खाली आल्या. निजानीज करताना ती माझ्याकडे बघत थांबली. मीच उठले आणि कडी लावली. दोनदा ती हातातून निसटली. अंथरुणावर पडले. भिंती जवळ आल्यासारख्या वाटत होत्या, आणि वडिलांचा वरवंटा ऐकू येत होता. तेवढ्यात ती उठली, आपली वाकळ ओढत दारापाशी नेली आणि उंबऱ्याला लागून आडवी झाली. एक हात वर करून तिनं कडीवर ठेवला.

“झोपा तुमी,” ती म्हणाली. “कायबी हाललं की पयली मी उघडती. मला जाग लय लवकर येती.”

ती रोज तशीच झोपली, परीक्षा होईपर्यंत. आणि मला झोप लागायला लागली. कडी लावलेल्या घरात, साठ वर्षांत पहिल्यांदा.

एकदा पहाटे पेले किणकिणले. मी डोळे उघडून पाय जमिनीला टेकवते तोवर दार सताड उघडं होतं, आणि तिनं मुलीला आणि मला दंडाला धरून अंगणात काढलं होतं. बारीकसाच धक्का होता. सुभेदारही बनियनवर बाहेर आले होते, मिशा झोपेत वाकड्या झालेल्या. मी नेहमीसारखी थरथरत होते. ती माझ्याहून जास्त थरथरत होती, आणि तिची नजर जमिनीकडे नव्हती, गल्लीच्या अंधाऱ्या टोकाकडे होती. मुलीला तिनं आपल्या पाठीमागं धरलं होतं.

परीक्षा संपली त्याच सुमारास आराखड्याचा निकाल लागला. आमची गल्ली आणि मळा, दोन्ही त्या गडद रंगातून वगळले होते. म्हणजे उंच इमारती नाहीत, आणि त्यातली एका खोलीची घरंही नाहीत. आमच्या वाढीव मजल्यांचा दंड भरून मिटवामिटव झाली. सुभेदार पेढ्यांचा पुडा घेऊन आले. “बाई, तुमच्यामुळं गल्ली वाचली!” ते म्हणाले आणि दोन पेढे माझ्या हातावर ठेवले. आत ती सामान बांधत होती; वरची खोली पुन्हा घे असं मी म्हटलं होतं, तिनं नको म्हटलं होतं. तिनं ऐकलं. मी तिच्यासमोर पेढा धरू की नको अशी उभी राहिले, तर तिनं स्वतःच घेतला.

“बरं झालं, आक्का,” ती म्हणाली. “तुमची भीती तरी गेली.”

दुसऱ्या दिवशी त्या सांगलीला गेल्या. तिकडे तिच्या मावसबहिणीच्या ओळखीनं एक खोली मिळाली होती, भाड्याची. आठवी. वरच्या दाराच्या दोन कड्या तिनं उचकटून बरोबर नेल्या. खालची पितळी कडी माझी होती, ती राहिली.

महिन्याभरात गल्लीतले वरचे मजले पुन्हा भरले. माझी खोली मी कुणाला दिली नाही. रात्री दाराशी जाते. सुतळी घातली, की दाराबाहेर कोण उभं असेल असं वाटतं, आणि तिची आई कुऱ्हाड उशाशी घेऊन जागी बसलेली दिसते. उठून कडी लावली, की वरवंटा ऐकू येतो. पूर्वी मला एकच भीती होती. काल रात्री कडी चार वेळा लावली आणि चार वेळा काढली. शेवटी वाकळ घेऊन मीच उंबऱ्यापाशी आडवी झाले आणि हात कडीवर ठेवला. उजाडेपर्यंत हाताला मुंग्या आल्या होत्या.